कॉलेजच्या हॉलमध्ये तीन नव्या एकांकिका: पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या संघासाठी

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यार्थ्यांची एकांकिकेशी पहिली ओळख स्पर्धेतून होते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा, मुंबईतली आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटरची) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, ठिकठिकाणच्या विजेत्या एकांकिकांना पुन्हा एकमेकींसमोर आणणारी आणि २५ जानेवारीच्या रात्री रंगणारी चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’, २०१४ मध्ये राज्यातल्या आठ केंद्रांवर सुरू झालेली लोकसत्ता लोकांकिका, अशी नावे पहिल्या वर्षाच्या मुलांच्याही तोंडी असतात. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ अशी आरोळी एकदा ऐकलेला मुलगा कॉलेजात परत येतो तो आपणही संघ उभा करायचा असे ठरवूनच, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो तो स्पर्धेचा प्रवेशअर्ज कुठे मिळेल, हा.

माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी तो अर्ज भरूच नये. त्याऐवजी आपल्याच कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या हॉलमध्ये, आपणच लिहिलेल्या तीन छोट्या एकांकिकांची एक संध्याकाळ करावी. प्रत्येक एकांकिका पंधरा ते वीस मिनिटांची असावी आणि मध्यंतर न घेता सगळे मिळून सव्वा तासात आटोपावे. स्पर्धेची लांबलचक एकांकिका उभी करायला पंचवीस-तीस माणसे, ट्रकभर नेपथ्य आणि अनुभवी दिग्दर्शक लागतो, आणि नव्या संघाकडे यांपैकी काहीच नसल्यामुळे सारी शक्ती जमवाजमवीत खर्च होऊन संहितेकडे कोणी वळूनही पाहत नाही. छोट्या तीन एकांकिकांत मात्र तीन लेखक, तीन दिग्दर्शक आणि दहा-बारा नट एकाच हंगामात तयार होतात, आणि एखादी फसली तरी संध्याकाळ फसत नाही. पुढे जे लिहिले आहे ते अशा संध्याकाळीसाठी आहे आणि त्याला साधारण आठ आठवडे लागतात, असे धरून चालावे.

तारीख, माणसे आणि परवानगी

तारीख आधी ठरवावी आणि बाकी सगळे तिच्यापासून मागे मोजत यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा असतात, डिसेंबरच्या शेवटापासून स्नेहसंमेलनांची धामधूम सुरू होते आणि त्या काळात हॉल मिळणे अशक्यच असते. म्हणून फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. डिसेंबरच्या सुरुवातीला संहिता हातात आली तर तालमींना पुरेसा वेळ मिळतो आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षांची धास्ती अजून सुरू झालेली नसते.

अर्ज प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या नावे, सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांमार्फत द्यावा आणि त्यात फक्त प्रयोगाचा दिवस मागू नये. प्रयोगाच्या आदले दोन दिवसही हॉल संध्याकाळी आपल्याकडे असणे आवश्यक आहे, हे अर्जातच स्पष्ट लिहावे, कारण नंतर तोंडी मागितलेले दिवस तोंडीच नाकारले जातात. लेखी परवानगीची एक प्रत हॉलच्या शिपायाकडे आणि एक रात्रपाळीच्या वॉचमनकडे स्वतः जाऊन द्यावी. हॉलच्या चाव्या, मेन स्विच, पडद्याची अडकणारी दोरी आणि पाण्याची टाकी यांची खरी माहिती कार्यालयात नसते, या दोन माणसांकडे असते. त्यांच्याशी ओळख नसलेला संघ प्रयोगाच्या दिवशी बंद दारासमोर उभा राहिलेला मी पाहिला आहे.

संघात वीस-बावीस जण पुरतात. तीन लेखक, तीन दिग्दर्शक, प्रत्येक एकांकिकेत तीन ते चार नट, आणि अभिनय मुळीच न करणारी चार माणसे: एक निर्मिती सांभाळणारा, एक रंगमंच व्यवस्था पाहणारा, एक प्रकाशाला आणि एक ध्वनीला. या चौघांची निवड नटांच्या आधी करावी. नव्या संघात नेमके उलटे होते. ज्यांना भूमिका मिळाली नाही त्यांना समजूत म्हणून बॅकस्टेज दिले जाते, आणि मग ती मंडळी दुसऱ्या आठवड्यापासून येईनाशी होतात. रंगमंच व्यवस्थेला जो बसेल तो संघातला सर्वांत वक्तशीर आणि सर्वांत कमी रागावणारा माणूस असावा, कारण प्रयोग सुरू झाल्यावर दिग्दर्शकाच्या हातात काही उरत नाही आणि पडद्यामागची सत्ता पूर्णपणे याच्याकडे जाते.

संहिता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी करंडकाला पात्र ठरेल अशी एकही एकांकिका नाही, असे सांगून करंडकच दिला नव्हता. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला आणि मुलांच्या मेहनतीचा तो अपमान आहे असेही अनेकांना वाटले. तो वाद इथे बाजूला ठेवू. पण स्पर्धांच्या एकांकिका सलग पाहणाऱ्या कुणालाही हे मान्य करावे लागते की प्रकाश, नेपथ्य आणि समूहाच्या हालचाली ज्या वेगाने सफाईदार झाल्या, त्या वेगाने लेखन पुढे गेलेले नाही. दर दोन मिनिटांनी ब्लॅकआउट म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार, मध्ये एक भूतकाळ, शेवटी एक आत्महत्या किंवा धक्का, आणि त्याआधी प्रेक्षकांकडे तोंड करून केलेले लांब भाषण, हा साचा नव्या लेखकाच्या हातात आपोआप येतो, कारण त्याने तेवढेच पाहिलेले असते.

साचा मोडण्याचा सोपा उपाय म्हणजे लिहिण्याआधीच बंधने घालून घेणे. आमच्या गटात ती अशी असत: पात्रे चारपेक्षा जास्त नाहीत, जागा एकच, काळ सलग आणि मध्ये ब्लॅकआउट नाही. चौथे बंधन लोकांना विचित्र वाटे, पण तेच सर्वांत उपयोगी होते: हॉलमध्ये आणि वर्गांमध्ये आज प्रत्यक्षात जे सामान आहे त्याबाहेरचे काहीही रंगमंचावर लागता कामा नये. बाक आहेत, टेबल आहे, चाकाची फळी आहे, पाण्याचा पिंप आहे. तर नाटक बाकांचे, टेबलाचे आणि पिंपाचे होईल. रेल्वेचा डबा हवा असेल तर लेखकाने दोन बाकांत तो कसा होतो हे आधी दाखवून द्यावे.

एक उदाहरण घेऊ. समजा विषय असा आहे की शिष्यवृत्तीच्या अर्जावर वडील सही करत नाहीत, कारण पुढे शिकायला मुलीने शहरात राहावे हेच त्यांना मान्य नाही. नवा लेखक पहिल्या खर्ड्यात मुलीला मैत्रिणीबरोबर कट्ट्यावर बसवतो आणि मैत्रीण विचारते, ‘काय गं, अशी गप्प का?’ मग मुलगी तीन पाने सगळी हकीकत सांगते. ही हकीकत खरी असते, कधीकधी लेखिकेच्या स्वतःच्या घरातली असते, आणि तरीही रंगमंचावर काहीच घडत नाही, कारण मैत्रिणीला त्या मुलीकडून काही नको आहे आणि मुलीलाही मैत्रिणीकडून काही नको आहे.

आता तीच गोष्ट झेरॉक्सच्या दुकानात नेऊ. संध्याकाळचे पावणेसात वाजले आहेत, अर्जाची मुदत उद्या सकाळपर्यंत आहे, शटर अर्धे खाली आले आहे.

‘काका, दोनच मिनिटं.’

‘शटर दिसत नाही का?’

‘एकच प्रत काढायचीय. आणि एक पेन द्या ना, निळं.’

‘प्रत काढायला पेन कशाला लागतं?’

मुलीला जुन्या कागदावरची वडिलांची सही गिरवून अर्जावर करायची आहे. दुकानदाराला दुकान बंद करून घरी जायचे आहे, आणि त्या सहीतले काय ते त्याच्या लक्षात आले आहे. मुलीच्या घराबद्दल अजून एक वाक्यही बोलले गेलेले नाही, तरी प्रेक्षकाला सगळे कळू लागते, कारण दोघांनाही एकमेकांकडून आत्ता, याच क्षणी काहीतरी हवे आहे आणि घड्याळ पुढे सरकते आहे. वडिलांना रंगमंचावर आणायचे की नाही, हा लेखकाचा खरा निर्णय. मी आणणार नाही. फोन वाजेल आणि तो दुकानदार उचलेल, एवढेच. सामान म्हणाल तर एक टेबल, एक खोका आणि अर्धे खाली आलेल्या शटरसाठी आडव्या बांबूला बांधलेली चादर.

भाषेबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. लातूरहून आलेल्या मुलाने लातूरचे बोलावे, चिपळूणच्या मुलीने तिच्या घरचे बोलावे, आणि त्यांच्या तोंडी सर्वांना सारखी प्रमाण मराठी बसवण्याचा उद्योग दिग्दर्शकाने करू नये. पण त्याचबरोबर संघात जी बोली कुणाच्याही घरी बोलली जात नाही ती केवळ गावरान रंग यावा म्हणून घेऊ नये. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ केला की ग्रामीण भाषा झाली, असे समजून लिहिलेले संवाद त्या भागातल्या प्रेक्षकाला दोन मिनिटांत दुखावतात.

संहिता मागवताना दोन आठवड्यांची मुदत द्यावी आणि लेखकाचे नाव पहिल्या पानावर न लिहिता वेगळ्या कागदावर घ्यावे. आलेल्या सर्व संहितांचे मोठ्याने वाचन करावे, आणि ते लेखकाने स्वतः करू नये. लेखक वाचतो तेव्हा कागदावर नसलेला भावही त्याच्या आवाजात येतो. दुसरा कोणी पहिल्यांदाच वाचतो तेव्हा कुठे जीभ अडखळते, कुठे ऐकणारे मोबाइल काढतात आणि कुठे न सांगता हसू येते, हे सगळे समोर दिसते. लेखकाने त्या वेळी वही घेऊन गप्प बसावे आणि स्पष्टीकरण देऊ नये. घड्याळ लावून वाचलेली संहिता वीस मिनिटांची भरली तर रंगमंचावर ती पंचवीसच्या जवळ जाते, कारण हालचाली, विराम आणि प्रेक्षकांचे हसू वाचनात धरलेले नसते. म्हणून वाचनात सोळा-सतरा मिनिटांपर्यंत काटछाट करावी. तालमीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर संहितेतून वगळता येईल, पण नवे वाक्य घालता येणार नाही, असा नियम पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगून ठेवावा.

एखाद्या प्रसिद्ध कथेवरून एकांकिका करायचा मोह होतो. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे हक्क अबाधित असतात, त्यामुळे अलीकडच्या कोणत्याही कथेच्या रूपांतराला लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यावी. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला, प्रेक्षक संस्थेतले, पालक आणि संस्थेशी संबंधित असतील तर, सूट आहे. पण तीच एकांकिका उद्या स्पर्धेत न्यायची ठरली की ती सूट मागे राहते. आपले आपण लिहिले असेल तर हा प्रश्न येतच नाही, हे मूळ संहितेचे एक व्यावहारिक सुख आहे.

याच ओघात सेन्सॉरची गोष्ट. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि अनेक स्पर्धा प्रवेशाच्या वेळी ते मागतात. कॉलेजच्या आतल्या, तिकीट नसलेल्या प्रयोगाबाबत आपल्या कॉलेजचे म्हणणे काय आहे, ते सांस्कृतिक विभागाला आधीच विचारावे. आणि पुढे बाहेर प्रयोग करायचा विचार असेल तर अंतिम संहिता हातात येताच अर्ज करून टाकावा, कारण हे काम शेवटच्या आठवड्यात होत नाही.

तालीम

सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास. याहून जास्त तालीम नव्या नटांकडून निभत नाही आणि तिचा उपयोगही होत नाही. तिन्ही एकांकिकांच्या तालमी वेगवेगळ्या वर्गांत एकाच वेळी चालू शकतात. वसतिगृहातल्या मुलींच्या परत जायच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून तालीम संपण्याची वेळ त्यांच्या दारावरची वेळ पाहून ठरवावी. ‘आज थोडा उशीर होऊ दे’ असे दोनदा झाले की तिसऱ्या दिवशी घरून फोन येतो आणि ती मुलगी संघातून जाते.

पहिला आठवडा बसून वाचनाचा. प्रत्येक वाक्याला आपले पात्र हे का बोलते, एवढाच प्रश्न विचारत जावा. दुसऱ्या आठवड्यात उभे राहावे, आणि उभे राहण्याआधी हॉलमध्ये जाऊन रंगमंचाची रुंदी, खोली आणि दोन्ही बाजूंच्या विंगांची जागा मोजपट्टीने मोजून आणावी. तेवढे माप वर्गाच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीने आखून घ्यावे. हे न करणारे संघ ऐसपैस वर्गात तालीम करतात आणि हॉलच्या चिंचोळ्या रंगमंचावर आल्यावर एकमेकांवर आदळतात. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पाठांतर पूर्ण झाले पाहिजे. त्या दिवसापासून हातात कागद नाही, फक्त विसरलेले वाक्य सांगणारा एक प्रॉम्प्टर समोर बसेल, आणि प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात तोही उठेल.

नवे दिग्दर्शक एक चूक हमखास करतात: नटाला वाक्य बोलून दाखवतात. बोलून दाखवलेले वाक्य नट तसेच्या तसे म्हणतो आणि सगळ्या पात्रांचा सूर दिग्दर्शकासारखा होतो. त्याऐवजी त्याला काम द्यावे. दुकानदाराला ‘चिडून बोल’ असे सांगण्यापेक्षा ‘बोलता बोलता उरलेल्या कागदांची गठ्ठी बांध’ असे सांगितले की चीड आपोआप हातात येते. आवाजाची तालीम मात्र वेगळी घ्यावी लागते, कारण आजच्या मुलांना माइकची सवय असते. दोन नटांना मैदानाच्या दोन टोकांना उभे करून, ओरडू न देता, एकमेकांना वाक्ये ऐकवायला लावावीत. आठवडाभरात फरक पडतो.

थप्पड, झटापट, मिठी असे प्रसंग असतील तर ते पहिल्या तालमीत नटांना विचारून, पायरीपायरीने बसवावेत आणि एकदा बसवल्यावर कुणीही ‘आज जरा खरं वाटू दे’ म्हणून त्यात बदल करू नये. एखाद्याला नको असेल तर प्रसंग बदलावा. लेखक याच संघात आहे, त्याला विचारता येते.

प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन यांमुळे गैरहजेरी होणारच. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून त्याचे अडचणीचे दिवस लिहून घ्यावेत आणि वेळापत्रक त्यावर बसवावे. चौथ्या आठवड्यात एकदा तीनही संघांनी एकमेकांसमोर पूर्ण एकांकिका सादर करावी. आपल्यातलाच प्रेक्षक असला तरी त्या संध्याकाळी कुणाची कोणती जागा पडते ते कळते आणि दुरुस्तीला अजून दोन आठवडे हातात असतात.

नेपथ्य, प्रकाश, ध्वनी

तिन्ही एकांकिकांना एकच सामाईक सामान ठेवावे: चार लेव्हल (लाकडी चौथरे), दोन बाक, एक टेबल आणि हवी असल्यास एक दाराची चौकट. ते हलवून तिसरीकडे तिसरेच काही व्हावे आणि बदल तीन मिनिटांच्या आत, अर्ध्या उजेडात, प्रेक्षकांना दिसत असताना व्हावा. बदलाचीही तालीम घ्यावी, आणि ती घेताना कोण कोणता बाक उचलणार हे नावानिशी ठरवावे. या शिस्तीचा पुढे उपयोग होतो. विद्यापीठांच्या राष्ट्रीय युवा महोत्सवाच्या नियमांत एकांकिकेला ३० मिनिटे, रंगमंचावर जास्तीत जास्त ९ कलाकार आणि ३ साथीदार, सामान लावण्या-काढण्याला १० मिनिटे आणि रिकाम्या रंगमंचापासून रिकाम्या रंगमंचापर्यंतची काटेकोर मोजणी असते. ज्याने घरच्या हॉलमध्ये तीन मिनिटांत बाक फिरवले आहेत त्याला ती मोजणी घाबरवत नाही.

छोटा, साधा हॉल ही उणीव आहे असे समजू नये. १९७० च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जी प्रायोगिक नाटके केली त्यांनी मराठी रंगभूमीची दिशा बदलली, आणि तो शाळेचाच हॉल होता.

प्रकाशासाठी कॉलेजच्या हॉलमध्ये बहुधा ट्यूबलाइट सोडून काही नसते. सहा ते आठ दिवे आणि उजेड कमीजास्त करणारा एक डिमर भाड्याने आणला तर पुष्कळ झाले. मात्र भार मोजून घ्यावा: १००० वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर चार अॅम्पियरपेक्षा थोडा जास्त प्रवाह घेतो, म्हणजे १५ अॅम्पियरच्या एका सॉकेटवर असे तीनच दिवे चालतात, चौथा लावला की फ्यूज जाईल किंवा वायर तापेल. एलईडीचे दिवे यापेक्षा फार कमी भार घेतात, म्हणून जुन्या वायरिंगच्या हॉलमध्ये तेच बरे. जोडणी कॉलेजच्या वायरमनकडूनच करून घ्यावी. प्रकाशयोजना करणाऱ्याने दिवे आणायच्या आधी चौथ्या आठवड्यापासून तालमीला बसावे आणि संहितेच्या समासात प्रत्येक बदल पेन्सिलीने लिहावा. नव्या संघाला एका एकांकिकेत पाच-सहा बदल पुरतात. हॉलला खिडक्या असतात आणि पडदे नसतात, त्यामुळे प्रयोग संध्याकाळी सातला किंवा त्यानंतरच ठेवावा, नाहीतर अंधार होतच नाही.

ध्वनीत पहिला शत्रू छताचा पंखा. फेब्रुवारीत पुण्याला किंवा नाशिकला पंखे बंद ठेवता येतात. कोकणात आणि मुंबईत ते जमत नाही, तिथे नटांनाच आवाज वाढवावा लागतो. रेकॉर्ड केलेली गाणी सार्वजनिक प्रयोगात वापरायची तर आयपीआरएस आणि पीपीएलसारख्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या परवान्याचा प्रश्न येतो, शिवाय ओळखीचे गाणे लागले की प्रेक्षक नाटक सोडून त्या गाण्याच्या सिनेमात जातो. आपल्याच संघातल्या कुणीतरी पेटीवर, बासरीवर किंवा नुसत्या टेबलावर ठेका धरून केलेले संगीत मला केव्हाही जास्त आवडते. ट्रॅक मोबाइलवरून वाजवणार असाल तर तो मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा. आमच्या पहिल्या प्रयोगात अंत्ययात्रेच्या शांततेत ध्वनीवाल्याच्या आईचा फोन आला आणि त्याची रिंगटोन दोन्ही स्पीकरांतून हॉलभर वाजली.

पैशाबद्दल थोडक्यात: वर्गणी सर्वांकडून सारखी घ्यावी, नट म्हणून जास्त नाही आणि बॅकस्टेज म्हणून कमी नाही, खर्च दिवे, स्पीकर, कपडे, चहा आणि छपाई एवढ्यावरच ठेवावा, आणि पावत्या एका वहीत चिकटवाव्यात. पहिल्या प्रयोगाला तिकीट लावू नये.

प्रयोगाचा दिवस

आदल्या दोन संध्याकाळींपैकी पहिली तांत्रिक तालमीची. त्या दिवशी नटांनी अभिनय करायचा नाही. एका क्यूपासून (बदलाच्या खुणेपासून) दुसऱ्या क्यूपर्यंत उड्या मारत फक्त दिवे, ध्वनी, एन्ट्री आणि सामानाचे बदल बसवायचे. नट कंटाळतात, आणि त्यांना तसे आधीच सांगून ठेवावे. दुसरी संध्याकाळ रंगीत तालमीची: कपडे, रंगभूषा, दिवे, सगळे प्रयोगासारखे, मध्ये थांबणे नाही, काही चुकले तरी पुढे जायचे. दिग्दर्शकाने शेवटच्या रांगेत बसावे आणि फक्त एक गोष्ट पाहावी, ऐकू येते की नाही.

प्रयोग सातला असेल तर सर्वांनी चारला हॉलवर हजर असावे. पाचपर्यंत दिवे आणि ध्वनी तपासून व्हावा, साडेपाचला रंगभूषा, साडेसहाला नटराजपूजन आणि नारळ. वस्तूंसाठी विंगेत एक टेबल मांडावे, त्यावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूची जागा आखून नाव लिहावे, म्हणजे रिकामी जागा लांबूनही दिसते. झेरॉक्सच्या दुकानातले निळे पेन प्रवेशाआधी खिशात आहे की टेबलावर, हे रंगमंच व्यवस्थापकाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पहिली घंटा देऊ नये. तिसरी घंटा सातलाच व्हावी. प्रमुख पाहुणे आले नाहीत म्हणून अर्धा तास थांबवलेला प्रेक्षक पहिल्या एकांकिकेला माफ करत नाही, आणि खरे तर अशा प्रयोगाला प्रमुख पाहुणे बोलावूच नयेत; भाषणे आली की सव्वा तासाची संध्याकाळ अडीच तासांची होते. सूत्रसंचालकाने फक्त एकांकिकेचे, लेखकाचे आणि दिग्दर्शकाचे नाव सांगावे.

तीन एकांकिकांचा क्रम ठरवताना सर्वांत हलकीफुलकी पहिली आणि सर्वांत पक्की शेवटी असावी, कच्ची मधोमध ठेवावी. रंगमंचावर वाक्य विसरले तर समोरच्या नटाने प्रश्न विचारून ते परत आणावे. विंगेतून तिघांनी एकाच वेळी कुजबुजू नये. वीज गेली तर रंगमंच व्यवस्थापकाने टॉर्च हातात घेऊन पुढे यावे, नटांना जागेवर थांबवावे आणि प्रेक्षकांना बसून राहायला सांगावे. वीज आल्यावर दोन वाक्ये मागून सुरू करावे. पडद्यापुढे येऊन केलेल्या नमस्कारात बॅकस्टेजची चार माणसे असलीच पाहिजेत.

दुसऱ्या दिवसापासून

सामान त्याच रात्री उतरवावे, बाक ज्या वर्गांतून आणले त्याच वर्गांत त्याच रात्री परत जावेत आणि हॉल झाडून चावी वॉचमनच्या हातात द्यावी. दोन दिवसांनी, टाळ्यांची धुंदी उतरल्यावर, सर्वांनी बसून बोलावे. प्रेक्षकांतल्या अनोळखी चार-पाच जणांना ‘कसं वाटलं’ असे न विचारता ‘गोष्ट काय होती, सांगाल का’ असे विचारून त्यांची उत्तरे लिहून आणावीत. त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि लेखकाच्या मनातली गोष्ट यांतले अंतर म्हणजे पुढच्या खर्ड्याचे काम.

प्रयोगात प्रत्यक्ष बोलली गेली तशी संहिता, हालचाली आणि प्रकाशबदलांच्या नोंदींसह, युनिकोडमध्ये टाइप करून लेखकाच्या नावाने आणि तारखेसह जपून ठेवावी. तोंडी चाललेले सुधारित संवाद महिनाभरात विसरले जातात आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती पहिला, न कापलेला खर्डाच लागतो. तिन्हींपैकी ज्या एकांकिकेत वाढायला जागा आहे ती स्पर्धेसाठी निवडताना आधी नियमावली नीट वाचावी: काही ठिकाणी संहिता पूर्वी सादर झालेली नसावी अशी अट असते, कुठे दिग्दर्शक आणि तंत्रज्ञही त्याच कॉलेजचे विद्यार्थी असावे लागतात, आणि किमान वेळेची अट असेल तर वीस मिनिटांची एकांकिका दुप्पट करावी लागते. दुप्पट करायची म्हणजे दुकानदाराला बायको आणि भूतकाळ द्यायचा नाही. शटर पूर्ण खाली आल्यानंतर आत अडकलेल्या त्या दोघांचे काय होते, ते लिहायला लेखकाला पुन्हा बसवायचे. त्यासाठी मे महिना मोकळा असतो.